आमच्या ह्यांचा समुद्र

देवळीला आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं, फवारणीचे पंप. दुकान ह्यांचं आणि माझ्या धाकट्या दिराचं, सीझनमध्ये गल्ल्यावर मीही बसते. आमच्या धंद्यात कंपन्या दुकानदारांसाठी स्कीमा काढतात. थोडा माल विकला की कुकर, जास्त विकला की टीव्ही, आणि दुकानदाराने फारच मनावर घेतलं तर परदेशाची टूर. ही टूर आजवर फक्त पुरुषांची असायची. हे असे दोनदा थायलंडला जाऊन आले आणि तेव्हापासून देवळीत परदेशाबद्दल कोणालाही काही विचारायचं असलं की तो माणूस आमच्या दुकानात येतो.

त्यांच्या गोष्टींत सगळ्यात गाजलेली गोष्ट समुद्राची. हे समुद्रात उतरले, पाण्याखाली तोंड घालून पोहले आणि खाली मासे पाहिले. "पिवळे मासे, त्यावर काळे पट्टे. जसे काही त्याइले कोणी टी-शर्ट घातले!" बियाणं घ्यायला आलेली माणसं खताच्या पोत्यांवर बसून हे ऐकायची. गल्ल्याच्या मागे फोटोही लावला होता. नारंगी लाइफ जॅकेट, ओले केस, वर केलेला अंगठा. मी स्वतः ही गोष्ट माझ्या माहेरी, अल्लीपूरला, वांग्याच्या वाफ्यात उभी राहून कितीदा तरी सांगितली आहे. ह्यांच्याइतकीच रंगवून.

मागच्या उन्हाळ्यात कंपनीने नवीच टूम काढली. टूर बालीची आणि सोबत बायकोलाही न्यायचं. कंपनीचा माणूस दुकानात येऊन हे सांगून गेला तेव्हा मी तिथेच होते. मला आनंदाने काय करावं सुचेना. हे मात्र एकदम गप्प झाले.

"तुले तिथलं जेवण जमन का?" थोड्या वेळाने म्हणाले.

"जमवतो ना."

"गर्मी लय राह्यते तिथं."

एप्रिल महिना. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. कूलर ओरडून राहिला होता. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. नुसत्या पुरुषांच्या थायलंडच्या टूरबद्दल आमच्या आळीतल्या बायका काय काय बोलतात ते मला माहीत होतं. मी आजवर त्याकडे कानाडोळा केला होता. पण ह्या टूरला तेच सगळे दुकानदार येणार होते. त्यांच्या तोंडून कुठेतरी काहीतरी बाहेर पडेल, अशी भीती ह्यांना आहे हे उघड होतं. मी ठरवलं, बाली पाहायची, आणि जमलं तर थायलंडही पाहून घ्यायचं.

निघताना ह्यांनी मला परदेशात वागायची रीत शिकवली. रीत सोपी होती. "तिथं जास्त बोलाचं नाई. कोणी काही इचारलं का ओके म्हणाचं. हसून म्हणाचं." नागपूरहून मुंबई, मुंबईहून बाली, एवढ्या प्रवासात ह्यांनी इतक्या वेळा हसून ओके म्हटलं की माझ्यापुढे विमानात नको असलेली कॉफी आली, नको असलेला टोमॅटोचा रस आला आणि शेवटी लहान मुलांना देतात ती रंगीत खडूंची डबीसुद्धा आली.

हॉटेल मात्र पाहून मी थक्क झाले. दारापासून खोलीपर्यंत पांढरा चाफा. वाटेवर पानांच्या छोट्या द्रोणांत फुलं आणि उदबत्ती ठेवलेली, तिथे ती रोज देवाला ठेवतात म्हणे. हे प्रत्येक द्रोणापाशी थांबून पाय लागू नये म्हणून वळसा घालत होते, त्यामुळे आम्ही खोलीत सगळ्यांच्या शेवटी पोचलो.

खोलीत पलंगावर लाल पाकळ्यांचं बदाम काढलं होतं आणि त्यात टॉवेलचे दोन राजहंस चोचीला चोच लावून बसले होते.

हे दारातच थांबले. "हे खोली आपली नसन. कोणाचं तरी नवीन लगन झालं आहे."

आपलीच आहे, असं मी किल्लीवरचा आकडा दाखवून पटवलं. तेव्हा त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत आले आणि ते हंस दोन्ही हातांनी, झोपलेलं लेकरू उचलावं तसे उचलून खुर्चीवर ठेवले. "एवढी मेहनत केली बिचारीनं, कायले मोडाचं?" मग अंग पुसायला त्यांनी आपला खांद्यावरचा दुपट्टा काढला. खोली झाडायला येणाऱ्या बाईला वाटलं असेल, ह्यांना हंस फार आवडलेत. ती रोज नवी जोडी करून ठेवू लागली. हे रोज ती उचलून ठेवू लागले. टेबलावर, टीव्हीपुढे, खिडकीत, जिकडेतिकडे हंस झाले आणि ह्यांचा दुपट्टा काही वाळेना, कारण तिथल्या हवेत घामच वाळत नाही तर दुपट्टा काय वाळणार.

न्हाणीघराची भिंत काचेची होती. पलंगावरून आतलं सगळं दिसावं अशी. एवढी वर्षं संसार केला, पण त्या काचेपुढे दोघंही नव्या नवरा-नवरीसारखे लाजलो. शेवटी मी माझी साडी त्या काचेवर आडवी बांधली.

पहिल्याच संध्याकाळी ओकेने दगा दिला. आम्ही बागेत बसलो असताना एक मुलगी हसत आली, काहीतरी बोलली, हे हसून ओके म्हणाले. पाच मिनिटांत आम्ही दोघं एका गार खोलीत शेजारशेजारच्या बाकांवर पालथे पडलो होतो. मालीश होती. कंपनीकडून होती, म्हणून पळताही येईना. मला मालीश करणारी बाई माझ्या आईच्या हाताची निघाली. मला पेंगच यायला लागली. ह्यांच्या वाट्याला आलेली बाई दिसायला चिमणीएवढी होती. तिने विचारलं, "स्ट्राँग, ओके?"

"ओके," हे म्हणाले.

मग शेजारून आवाज आला. "अरे बाप्पा!"

"ओके?" बाईने काळजीने विचारलं.

"ओके," हे म्हणाले, पण जरा बारीक आवाजात.

तिने ह्यांच्या पाठीवर कोपर रोवलं. "अवं, हिले सांग ना काहीतरी!"

"तुमीच सांगा. मी जास्त बोलत नाई इथं," मी म्हटलं.

"ओके?" बाई म्हणाली.

"ओ... के..." आता तो आवाज खताच्या पोत्याखालून आल्यासारखा होता. रात्रीच्या जेवणाला हे ताठ मानेने बसले होते. मान वळवता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी आमचा गाइड टेबलाटेबलावर विचारत फिरत होता. त्याला मोडकं हिंदी येत होतं, पण ह्यांची मान वळत नसल्यामुळे तो मागून येऊन बोलला ते ह्यांना नीट कळलं नाही. त्या दिवशी निम्मी मंडळी बसने देवळं पाहायला जाणार होती आणि निम्मी बोटीने समुद्रात मासे पाहायला. ह्यांचा जीव देवळात होता. रात्रीच मला म्हणाले होते, "आपण देवदर्शन करू. समुद्र मी पाह्यला आहे." पण गाइडने विचारलं आणि तोंडातून सवयीने ओके निघून गेलं. बस गेली तेव्हा आम्ही धक्क्यावर, बोटीपुढे उभे होतो.

बोटीत आमच्यासोबत हिंगणघाटचे एक दुकानदार आणि त्यांची बायको होती. माणूस चांगला धिप्पाड, बोलका. ह्यांच्यासोबत दोन्ही थायलंड केलेला. बोट निघाली तसे ते मला म्हणाले, "वहिनी, थायलंडची गंमत सांगितली का नाई भाऊनं?"

ह्यांनी त्यांना कोपर मारलं. मी ते पाहिलं.

"कोणची गंमत?" मी विचारलं.

"काई नाई व. जुनी गोष्ट आहे," हे म्हणाले.

एकीकडे वाटलं, आता ह्यांना गाठलंच. दुसरीकडे वाटलं, नको, ऐकूच नये. समुद्र निळा, काचेसारखा, ऊन चमकत होतं आणि मी मात्र बोटीची कड धरून, आता माझ्या संसाराचं काय होतं, ह्या विचारात.

बोट एका ठिकाणी थांबली. नावाड्याने सगळ्यांना नारंगी जॅकेटं चढवली, डोळ्यांना लावायचा चष्मा आणि तोंडात धरायची नळी दिली. हिंगणघाटवाल्यांनी सरळ धप्पकन उडी मारली. त्यांची बायको जॅकेट घालून शिडीवरून उतरली, देवाचं नाव घेत. नावाडी ह्यांच्याकडे पाहून म्हणाला, "ओके?"

आयुष्यात पहिल्यांदा हे परदेशात "नो" म्हणाले.

"काऊन?" मी म्हटलं. "तुमाले तर येते ना?"

"मी पाह्यलं आहे सगळं. तू उतर. मी इथं बसतो." मग जरा थांबून म्हणाले, "चपला सांभाळतो."

पाण्यातून हिंगणघाटवाल्यांचं हसू फुटलं. "भाऊ, इथंही चपलाच का? वहिनी, हेच तर सांगत होतो ना मी! तिकडेही हे दोन्ही टूरले किनाऱ्यावर बसून राह्यले. आमच्या सगळ्याइच्या चपला, मोबाइल, चष्मे, पॅन्टा, सारं ह्यांच्यापाशी. एक वस्तू इकडची तिकडे नाई झाली. ह्यांच्याएवढा भरवशाचा माणूस आख्ख्या टूरमधी नोता!"

हेच होतं ते. एवढंच. मी इतके दिवस काय काय मनात आणलं होतं आणि माझा नवरा थायलंडच्या वाळूत इतरांच्या पॅन्टांचा ढीग राखत बसला होता. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच राग आला. मग दोन्ही एकदम.

"अन् तो फोटो?"

"जॅकेट घातलंतं फोटोसाठी."

"केस ओले होते त्यात."

हे समुद्राकडे पाहत म्हणाले, "बाटलीतलं पाणी टाकलंतं डोक्यावर."

बोलले असते तर हसले असते, आणि हसले असते तर ते त्यांना लागलं असतं. मी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला करकचून बांधली, चष्मा लावला आणि कडेला उभी राहिले.

लग्नाआधी मी आमच्या वावरातल्या विहिरीत पोहायची. थोरल्या भावाने कमरेला दोर बांधून ढकललं होतं, तशी शिकले. पण लग्नानंतर एकदाही पाण्यात उतरले नव्हते. सुनेने कुठे पोहायचं? इतक्या वर्षांत अंग विसरलं असेल, गुडघे विसरले असतील, असं वाटत होतं. खाली पाहिलं तर पाणी हलत होतं. विहिरीचं पाणी हलत नाही, वाट पाहत असतं. हे पाणी आपल्याच नादात होतं.

"अवं, थांब! तू कायले..." मागून हे ओरडले, तोवर मी नाक दाबून उडी घेतली होती.

पहिलं म्हणजे खारट. नाकातोंडात, डोळ्यांत नुसतं मीठ. दुसरं म्हणजे, बुडायलाच होत नाही. विहीर खाली ओढते, समुद्र वर ढकलतो. आणि जॅकेट तर मला हनुवटीपर्यंत उचलून धरत होतं. हातपाय आपोआप चालायला लागले. मी नळी तोंडात धरली, तोंड पाण्यात घातलं आणि खाली पाहिलं.

मी तिथे किती वेळ होते कोण जाणे. वर डोकं काढलं तेव्हा हे बोटीच्या कडेला ओणवे झाले होते. तोंडाचा रंग उडालेला.

"बरी आहे ना तू?"

"हाव."

"दिसल्या का मासोळ्या?"

"दिसल्या."

मग हळू आवाजात, शिडीचा दांडा धरून म्हणाले, "कशा आहे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग सांगितलं. "पिवळ्या आहे. त्यावर काळे पट्टे आहे."

"खरं?"

"तुमी सांगत होते ना, तशाच. टी-शर्ट घातल्यावानी."

ह्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. एवढ्या वर्षांची ती गोष्ट त्यांनी टीव्हीवर कुठेतरी पाहून जुळवली होती, हे मला नंतर कळलं. स्वतःच बनवलेली गोष्ट खरी निघाली म्हणून माणसाला एवढा आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"मले बी पाह्यचं आहे," ते म्हणाले.

शिडीच्या तीन पायऱ्या उतरायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात हिंगणघाटवाले बोटीला फेरी मारून आले. नावाड्याने एक रबरी चाक टाकलं. ह्यांनी एका हाताने चाक धरलं, दुसऱ्या हाताने मला, आणि शिडी सुटू नये म्हणून पायाच्या अंगठ्यानेही ती धरून ठेवली. मी अंगठा सोडवला.

"तोंड घाला पाण्यात."

त्यांनी घातलं. लगेच वर काढलं. "अवं, खाली जमीनच नाई!"

"आहे ना. खाली आहे."

"लय खाली आहे!"

"मी आहे ना इथं. नळीतून श्वास घ्या. बोलू नका."

बोलू नका हे त्यांना जमणार नव्हतं. पुन्हा तोंड घातलं आणि नळीतून, शिंगात फुंकावं तसा आवाज यायला लागला. काहीतरी सांगत होते मला. हाताने खाली दाखवत होते, माझं मनगट पिळत होते. मीही तोंड घातलं. खाली तोच थवा आला होता. पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, अगदी जवळ, ह्यांच्या पोटाखालून जात होते. एक मासा थांबला आणि ह्यांच्या चष्म्यापुढे तोंड उघडझाप करू लागला. हेही नळीतून त्याला काहीतरी बोलत होते. दोघांचं बराच वेळ चाललं.

शेवटी नळीत पाणी गेलं. ठसका लागला, चाक सुटलं, आणि हे माझ्या गळ्यात पडले. सगळ्या बोटीसमोर, भर उन्हात. घरी कधी हातात हात घेतला नाही ह्या माणसाने! नावाडी टाळ्या वाजवायला लागला. त्यालाही बहुतेक आमचं नवीन लग्न झालं असं वाटलं असावं.

परतताना हे बोटीच्या तळाशी बसले होते, दुपट्टा डोक्यावरून घेऊन. कानात पाणी गेलं होतं. एका कानाने ऐकायला येत नव्हतं, म्हणून मी दुसऱ्या बाजूला सरकून बसले.

"मले काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगू? का मी भेलो म्हणून?"

"मले तर सांगाचं होतं."

"तुलेच तर नोतं सांगाचं." मग म्हणाले, "तू अल्लीपूरले किती डौलात सांगत होती ती गोष्ट. माया साल्यासमोर. मले ऐकून असं वाटे, का मी खरंच गेलतो पाण्यात."

मी त्यांच्या चपला शोधून त्यांच्यापुढे ठेवल्या.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "मले वाटलं होतं थायलंडले काही दुसरंच आहे."

"दुसरं म्हणजे?"

"जाऊ द्या."

मग कळलं त्यांना. "मी? अवं, माया अंगावर बारा लोकाइच्या पॅन्टा होत्या! मी कुठं जाईन?"

मग मात्र मी हसले. हिंगणघाटवाल्यांची बायकोही हसली, तिला का ते न कळताच. हे थोडे रागावून बसले आणि मग तेही हसायला लागले.

उरलेले दिवस त्यांनी कुठेच जायचं नाव काढलं नाही. मंडळी झोके घ्यायला गेली, माकडांचं वन पाहायला गेली, बाजारात गेली. हे सकाळी उठून किनाऱ्यावर जात, गुडघ्यापर्यंत पाण्यात उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, भाषा कळो न कळो, खाली मासे कसे आहेत ते हातवारे करून सांगत. दुपारी नारळाच्या झाडाखाली लांब खुर्चीवर पडत. पहिल्या दिवशी दर थोड्या वेळाने धाकट्या भावाला फोन. तूर बियाण्याच्या थैल्या आल्या का, गोदामाचा पंखा बंद केला का. मग फोन कमी झाले. शेवटच्या दुपारी तर ते तोंड उघडं टाकून गाढ झोपले. मी शेजारच्या खुर्चीवर शहाळं पीत बसले होते. मलाही असं दिवसा काही न करता बसायची सवय नाही. आधी वाटलं काहीतरी निवडायला घ्यावं, भाजी, निदान गहू. मग नाही वाटलं. हिंगणघाटवाल्यांची बायको हाका मारत आली, "ताई, बाजारात चलता का? सगळे चालले." मी बोटाने ह्यांच्याकडे दाखवलं आणि नको म्हटलं. पण खरं सांगायचं तर ह्यांच्यासाठी नव्हतं. मलाच उठायचं नव्हतं.

घरी आल्यावर कान मोकळा व्हायला आठ दिवस लागले. तेवढ्या दिवसांत एका गिऱ्हाइकाने सरकी मागितली, ह्यांनी सोयाबीन दिलं. कोणी विचारलं, कानाला काय झालं, तर म्हणायचे, "समुद्र गेला."

अल्लीपूरला गेलो तेव्हा माझा भाऊ, वहिनी, शेजारपाजारचे सगळे बालीचं ऐकायला जमले. हे अंगणात खाटेवर बसले. मी स्वयंपाकघरात वहिनीला भाकरी थापू लागत होते. आता काय सांगतात म्हणून कान देऊन ऐकत होते. हे स्वतःबद्दल काही बोललेच नाहीत.

"तुमच्या बहिणीनं उडी मारली," ते म्हणाले. "जहाजावरून. जहाज कसं, आपल्या पाण्याच्या टाकीएवढं उंच! सगळे नाई नाई म्हणून राह्यले, अन् हे बाई गेली सरळ खाली. दोन मिनिटं वर आलीच नाई. मी म्हटलं, संपलं सारं. मग निघाली, अन् हातात मासोळी!"

भाऊ उठून स्वयंपाकघराच्या दारात आला. "अवं, खरंच? एवढ्या उंचावरून?"

तव्यावर भाकरी फुगली होती. मी ती उलटली.

"मासोळी नोती हातात," मी म्हटलं. "बाकी जाऊ दे. पानं घे बरं आधी, जेवून घ्या."